मण्याच्या मध्यभागीच पेशी का मरतात?

आधी प्रश्न थोडक्यात सांगते, म्हणजे इतरांनाही धागा लागेल. पीएचडी करणारी एक विद्यार्थिनी नाळेतून काढलेल्या मेसेन्कायमल स्टेम सेल (हाड, कूर्चा अशा ऊतींत बदलू शकणाऱ्या मूळ पेशी) अल्जिनेट या शैवालातल्या पदार्थाच्या जेलच्या मण्यांत बंद करते आहे. पुढे त्यातून कूर्चा तयार करायची आहे. दोन टक्के अल्जिनेट, मिलिलीटरला एक कोटी पेशी, साधारण ३ मिलिमीटरचे मणी. २४ वेलच्या (छोट्या खळग्यांच्या) प्लेटमध्ये दर वेलला वीस मणी आणि २ मिलिलीटर मीडिया (पेशींना वाढवायचं पोषक द्रव), तोही तीन दिवसांनी बदलायचा. पहिल्या दिवशी नव्वद टक्के पेशी जिवंत असतात, सातव्या दिवशी मण्याचा मधला भाग मेलेला असतो. गाइडनी सुचवलंय की अल्जिनेट तीन टक्के करून बघ, जेल मजबूत होईल. प्रश्नाच्या शेवटी तिने आणखी एक ओळ जोडली आहे: धाकट्या भावाला नवव्या वर्षापासून टाइप वन मधुमेह आहे आणि आई विचारते, तू हेच शिकतेस ना, मग याला ते कधी मिळणार?

बावीस वर्षं मी पेशी जेलमध्ये बंद करण्याचं काम करते आहे आणि हे दोन प्रश्न मला वेगळे वाटत नाहीत. तुमच्या मण्यातली पेशी ज्या कारणाने मरते, त्याच कारणापाशी, इन्सुलिन करणाऱ्या पेशी अशाच जेलमध्ये बंद करून शरीरात सोडायचा मधुमेहावरचा उपचार चाळीस वर्षांहून अधिक काळ अडून बसला आहे. जेलची भिंत कशी हवी यावर सगळे डोकं चालवतात. आतल्या पेशीने श्वास कसा घ्यायचा, हा विचार मागाहून येतो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी स्पष्ट देते. अल्जिनेट तीन टक्के करू नका. त्याने हा दोष जाणार नाही, उलट मणी पाडायला दाट द्रावण सुईतून कॅल्शियमच्या बाथमध्ये थेंब थेंब ढकलताना पेशींना जास्त ओढाताण सोसावी लागेल. गाइडचं म्हणणं अगदीच निराधार नाही. मणी हाताळताना फुटत असते तर मीही टक्केवारी वाढवूनच पाहिली असती. पण तुमचे मणी फुटत नाहीत, तुमच्या पेशी मध्यभागी मरताहेत. आणि पेशी मण्यात कुठे मरतात, यावरूनच अर्धं निदान होतं.

त्यासाठी अख्खा मणी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून भागत नाही. मणी काचेवर घ्या, नव्या ब्लेडने एका झटक्यात मधोमध कापा आणि कापलेली बाजू खाली करून कॅल्सिन व प्रोपिडियम आयोडाइडने रंगवा. जिवंत पेशी हिरव्या दिसतील, मेलेल्या लाल. अर्धवट भिजलेला साबुदाणा आपण दोन बोटांत दाबून बघतो, वरून मऊ लागतो आणि आत पांढरा कण तसाच कडक असतो. तसाच बाहेर हिरवा पट्टा आणि आत लाल गाभा दिसला, तर पेशींना ऑक्सिजन किंवा ग्लुकोज पुरत नाही. लाल ठिपके मणीभर सारखे विखुरले असतील, तर पेशी सुईतून जातानाच दुखावल्या आहेत, अल्जिनेटमध्ये काही विषारी अंश आहे, किंवा त्यांना धरून बसायला आधार मिळत नाही. आणि नुसती बाहेरची कडा लाल असेल, तर कॅल्शियमच्या बाथकडे बघा. तुमचं वर्णन पहिल्या प्रकारात बसतं.

पण ‘मणी मोठे आहेत’ एवढं म्हणून थांबू नका. इथे मीही बरीच वर्षं चुकले. मण्याचाच आकार मोजत बसले आणि मण्यावर किती मीडिया उभा आहे ते पाहिलंच नाही. २४ वेलच्या प्लेटमधल्या एका वेलचं क्षेत्रफळ सुमारे १.९ चौरस सेंटिमीटर असतं. त्यात २ मिलिलीटर मीडिया म्हणजे जवळपास एक सेंटिमीटर खोल पाणी. ऑक्सिजन वरच्या हवेतून येतो आणि हा एक सेंटिमीटर पार करून तळाशी बसलेल्या मण्यापर्यंत त्याला पोचायचं असतं. तेही नुसत्या विसरणाने, म्हणजे आपोआप पसरत पसरत, कारण प्लेट इन्क्युबेटरमध्ये स्थिर उभी आहे.

हिशेब करून बघू. ३ मिलिमीटरचा मणी म्हणजे साधारण १४ मायक्रोलीटर. वीस मण्यांचे झाले २८० मायक्रोलीटर, म्हणजे एका वेलमध्ये सुमारे २८ लाख पेशी. या पेशी तासाला प्रत्येकी १०० फेम्टोमोलच्या आसपास ऑक्सिजन घेतात असं धरू. एकूण मागणी झाली तासाला २८० नॅनोमोल (दहा लाख फेम्टोमोल म्हणजे एक नॅनोमोल). आता पुरवठा. ३७ अंशांना हवेशी समतोल असलेल्या पाण्यात ऑक्सिजन जेमतेम ०.२ मिलिमोलर विरघळतो. एक सेंटिमीटर स्थिर पाण्यातून आणि १.९ चौरस सेंटिमीटर क्षेत्रातून तो तासाला ३५ ते ४० नॅनोमोलच खाली पोचू शकतो. मीडिया आपोआप थोडाफार हलतो असं धरून हा आकडा दुप्पट केला, तरी मागणीच्या तिसऱ्या हिश्शाइतकाही होत नाही. म्हणजे मण्याच्या पृष्ठभागापाशी पोचायच्या आधीच ऑक्सिजन संपत आलेला असतो. मण्याच्या आतला प्रवास त्यानंतरचा.

पहिल्या दिवशी सगळं हिरवं का दिसतं, तेही यावरून कळतं. मेसेन्कायमल पेशी चिवट असतात. ऑक्सिजन कमी पडला की त्या ग्लुकोज जाळून लॅक्टेट करत काही काळ तग धरतात. पण त्या वाटेने ग्लुकोज भराभर संपतं. तुमचा मीडिया लो ग्लुकोज असेल, तर २ मिलिलीटरमधला साठा २८ लाख पेशींना तीन दिवस पुरणं कठीण आहे. दुसऱ्या दिवशी मीडिया आम्ल होऊन पिवळा पडलेला दिसतो का? प्रश्नात तुम्ही ते लिहिलेलं नाही, पण मला खात्री आहे की पडत असणार.

मग करायचं काय? सगळ्यात स्वस्त उपाय आधी करा. दर वेलला वीसऐवजी चार-पाच मणी ठेवा, मीडिया १ मिलिलीटरच्या आत आणा आणि रोज बदला. जमलं तर प्लेट हळू फिरणाऱ्या शेकरवर ठेवा. एवढ्यानेच लाल गाभा आक्रसलेला दिसेल. त्यानंतर मण्याचा आकार. सुईतून नुसत्या वजनाने पडणारा थेंब दोन-तीन मिलिमीटरच्या खाली फारसा जात नाही, सुई कितीही बारीक घेतली तरी. सुईभोवतून हवेचा झोत सोडला किंवा उच्च दाबाची वीज लावून थेंब ओढून घेतला, की अर्ध्या मिलिमीटरचे मणी मिळतात. हवेच्या झोताची जोडणी कुठल्याही कार्यशाळेत तयार करून मिळते.

पेशींची घनता मात्र एकदम खाली आणू नका. ऑक्सिजन वाचवायचा म्हणून मिलिलीटरला दहा लाखांपर्यंत उतरलात, तर पेशी जगतील पण कूर्चा होणार नाहीत. कूर्चा घडायला त्यांना एकमेकींचा शेजार लागतो. आणि कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात, तिच्या पेशींना कमी ऑक्सिजनची सवयच असते. कमी ऑक्सिजन तुम्हाला हवाच आहे. प्रश्न कमी आणि शून्य यातल्या फरकाचा आहे, आणि तुमच्या मण्याच्या मध्यभागी शून्य आहे.

आता अल्जिनेटबद्दल थोडं. वापरणाऱ्यांतले निम्मे लोक ते काय आहे हे न बघताच वापरतात, म्हणून लिहावंसं वाटतं. हा तपकिरी समुद्री शैवालातला पदार्थ. स्कॉटलंडमधल्या स्टॅनफर्ड नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने तो १८८१ मध्ये पहिल्यांदा वेगळा केला. ओहोटीला मालवण-रत्नागिरीच्या खडकांवर सरगॅसम नावाचं शैवाल दिसतं, त्यातही हाच असतो. त्याची साखळी दोन प्रकारच्या कड्यांची असते, मॅन्युरोनिक आम्लाची आणि गुलुरोनिक आम्लाची. शास्त्रीय लिखाणात त्यांना एम आणि जी म्हणतात. कॅल्शियम आलं की दोन साखळ्यांतले जी पट्टे समोरासमोर येतात आणि मधल्या खोबणीत कॅल्शियमचे आयन बसतात, खोक्याच्या खळग्यांत अंडी बसावीत तसे. या रचनेला नावच ‘एग बॉक्स’ असं पडलं आहे. जी जास्त असेल तर जेल कडक आणि ठिसूळ होतं, एम जास्त असेल तर मऊ आणि लवचीक. म्हणजे बाटलीवर ‘सोडियम अल्जिनेट’ एवढंच लिहिलेलं असेल, तर तुम्हाला जवळपास काहीच सांगितलेलं नाही. जी किती आणि चिकटपणा किती, हे दोन आकडे मागून घ्या. अन्नासाठी बनलेल्या स्वस्त अल्जिनेटमध्ये पॉलिफेनॉल, प्रथिनं आणि एन्डोटॉक्सिनचे (जिवाणूंच्या विषाचे) अंश राहतात. प्लेटमध्ये ते लपून जातात, उंदराच्या पोटात गेले की दाह उठवतात. प्राण्यांपर्यंत जायचं असेल तर शुद्ध केलेलं अल्जिनेट पहिल्या दिवसापासून वापरा. मध्येच बदललंत तर आधीचे सगळे आकडे फुकट जातात. माझं दीड वर्षाचं काम असंच गेलं आहे.

हाताने करायच्या गोष्टींत चुका कुठे होतात, तेही सांगते. अल्जिनेट मीडियात विरघळवू नका. मीडियातलं कॅल्शियम आधीच गुठळ्या करून ठेवतं. ०.९ टक्के मिठाच्या पाण्यात रात्रभर स्टररवर ठेवा. ऑटोक्लेव्हमध्ये दाबाच्या वाफेने निर्जंतुक केलं तर साखळ्या तुटतात आणि दुसऱ्या दिवशी तेच द्रावण पाण्यासारखं पातळ झालेलं असतं. पातळ असतानाच ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढा किंवा निर्जंतुक केलेलंच विकत घ्या. कॅल्शियम क्लोराइड १०० मिलिमोलर घ्या. त्याचा परासरणदाब साधारण ३०० मिलिऑस्मोल येतो, पेशींना मानवेल असा. पुष्कळ ठिकाणी ‘दोन टक्के कॅल्शियम क्लोराइड’ अशी जुनी कृती चालत आलेली असते. ती ४०० च्या पुढे जाते आणि बाहेरच्या कडेच्या पेशी आक्रसून मरतात. बाथमध्ये पाच ते दहा मिनिटं बस झाली.

मणी धुवायला पीबीएस (फॉस्फेट घातलेलं मिठाचं पाणी) घेऊ नका. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी शुक्रवारी संध्याकाळी शंभरेक सुंदर मणी पीबीएसमध्ये ठेवून घरी गेले आणि शनिवारी सकाळी येऊन बघते तर ट्यूबमध्ये नुसतं गढूळ पाणी. फॉस्फेट कॅल्शियमला ओढून घेतं, त्याच्या जागी सोडियम शिरतं आणि जेल विरघळतं. तेव्हापासून आम्ही हेपिस (आम्लता स्थिर ठेवणारं रसायन) घातलेल्या मिठाच्या पाण्यात दोन मिलिमोलर कॅल्शियम घालून धुतो. तुमचे मणी आठवड्याभरात फुगत आणि बुळबुळीत होत असतील, तर मीडियातही एखाद-दुसरा मिलिमोलर कॅल्शियम वाढवून बघा. शेवटी पेशी परत काढायच्या असतील तेव्हा हाच दोष कामाला येतो. ५५ मिलिमोलर सायट्रेटमध्ये मणी काही मिनिटांत विरघळतो आणि पेशी मोकळ्या होतात.

मण्यांच्या आकारावरून एक आठवण सांगते. आमच्या प्रयोगशाळेत एक सहायक होते, सगळे त्यांना मामा म्हणत. आमच्या मण्यांना शेपटं यायची, अश्रूसारखा आकार व्हायचा, आणि आम्ही सुया बदलत बसलो होतो. मामा गावाकडे लग्नाकार्यात आचाऱ्याच्या हाताखाली काम केलेले. त्यांनी बाजूला उभं राहून पाहिलं आणि म्हणाले, ‘मॅडम, पीठ घट्ट झालंय आणि झारा कढईच्या फार जवळ धरलाय.’ बुंदी पाडताना हेच होतं. पीठ दाट असलं की कळीला शेपूट येतं, आणि झारा तेलाच्या अगदी जवळ असला की थेंबाला पडता पडता गोल व्हायला वेळच मिळत नाही. आम्ही द्रावण थोडं पातळ केलं, सुई बाथपासून चार बोटं वर घेतली आणि मणी गोल पडायला लागले. गोल मणी नुसता दिसायला छान असतो असं नाही. शरीरात शेपटीच्या टोकापाशी दाहपेशी आधी चिकटतात. त्या दिवशी मामांनी आमचा निदान महिनाभर वाचवला.

जेल किती कडक असावं, या प्रश्नाने मला सगळ्यात जास्त गुंतवून ठेवलं आहे. २००६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या एका गटाने दाखवलं की एकाच प्रकारच्या मेसेन्कायमल पेशी मेंदूइतक्या मऊ, म्हणजे एक किलोपास्कलपेक्षा (हे कडकपणाचं माप) कमी कडक पृष्ठभागावर ठेवल्या तर चेतापेशींसारख्या होऊ लागतात, दहा-बारा किलोपास्कलवर स्नायूंसारख्या आणि तीसच्या आसपास हाडासारख्या. रसायन तेच, फरक कडकपणाचा. २०१० मध्ये अल्जिनेटच्या आत बंद केलेल्या पेशींवरही असंच दिसलं. ११ ते ३० किलोपास्कलच्या टप्प्यात त्या हाडाकडे झुकल्या. आणि २०१६ मध्ये आणखी एक गोष्ट कळली. पेशीने ढकललं की हळूहळू सैल पडणारं जेल असेल, तर तिला हातपाय पसरता येतात, आकार बदलता येतो. नुसतं किती कडक यापेक्षा किती लवकर सैल पडतं, हेही तितकंच महत्त्वाचं. तुम्हाला कूर्चा हवी आहे. तीन टक्के करून कडकपणा वाढवलात, तर पेशींना तुम्ही नकळत हाडाच्या वाटेला लावाल. टक्केवारी वाढवू नका म्हणण्यामागचं माझं मोठं कारण हे आहे.

अल्जिनेटवर पेशी चिकटत नाहीत, म्हणून बरेच जण त्याला आरजीडी हा तीन अमिनो आम्लांचा तुकडा जोडतात. पेशी फायब्रोनेक्टिन या प्रथिनाला जिथे धरतात तोच तो भाग. हाडासाठी, स्नायूंसाठी जरूर जोडा. कूर्चेसाठी घाई करू नका. कूर्चेच्या पेशीला गोल राहायला आवडतं. प्लेटवर पसरून आपलं रूप विसरलेल्या कूर्चापेशी अ‍ॅगरोजच्या जेलमध्ये गोल झाल्या की पुन्हा कूर्चेसारख्या वागू लागतात, हे १९८२ मध्येच दिसलं होतं. स्टेम सेलच्या बाबतीत तर आरजीडीने कूर्चा होण्यात उलट अडथळा आल्याचं अल्जिनेटमधल्याच प्रयोगांत दिसलं आहे. साधं अल्जिनेट तुमच्या कामाला पुरेसं आहे.

आता भावाबद्दल.

मधुमेहातली कल्पना अशी. दुसऱ्याच्या स्वादुपिंडातून इन्सुलिन करणारे पेशीपुंज, म्हणजे आयलेट, घ्यायचे आणि ते अशा जेलमध्ये बंद करून रुग्णाच्या पोटात सोडायचे की ग्लुकोज, ऑक्सिजन आत जाईल, इन्सुलिन बाहेर येईल, पण रोगप्रतिकार करणाऱ्या पेशी आत शिरू शकणार नाहीत. म्हणजे आयुष्यभर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं नकोत. कृत्रिम पेशीची मूळ कल्पना माँट्रियलमध्ये थॉमस चँग यांनी विद्यार्थी असताना १९५० च्या दशकात मांडली. १९८० मध्ये लिम आणि सन यांनी अल्जिनेटमधले आयलेट मधुमेही उंदरांत घातले आणि जवळपास तीन आठवडे साखर ताब्यात राहिली. उघडे आयलेट आठवडाभरच टिकले होते. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालं की अमेरिकेत एका रुग्णाने अशा कॅप्सूलवर नऊ महिने इन्सुलिनशिवाय काढले. त्याचं आधी मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेलं असल्यामुळे तो प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेतच होता, हे मात्र लक्षात ठेवायला हवं. न्यूझीलंडमध्ये १९९६ मध्ये डुकराचे आयलेट कॅप्सूलमध्ये घालून एका माणसाला दिले होते. साडेनऊ वर्षांनी त्यातले काही जिवंत सापडले, पण त्याचं इन्सुलिन सुटलं नव्हतं. आपल्याकडे पुण्यात एनसीसीएस या पेशीविज्ञानाच्या राष्ट्रीय संस्थेतही आयलेट पॉलिमरच्या पडद्याआड ठेवण्यावर दोन हजारच्या सुमारास काम झालं आहे.

मग अडलं कुठे? बाहेरची वस्तू शरीरात गेली की मॅक्रोफेज (परक्या वस्तूंवर तुटून पडणाऱ्या संरक्षक पेशी) तिच्यावर चढतात आणि काही आठवड्यांत तिच्याभोवती तंतूंचा कोष विणला जातो. उंदराच्या पोटातून काढलेले असे मणी मी पाहिले आहेत. घालताना ते काचेसारखे पारदर्शक आणि सुटे होते. महिन्याभराने बाहेर आले तेव्हा पांढुरके आणि एकमेकांना चिकटून घोस झालेले. त्या कोषातून ऑक्सिजन जात नाही. आयलेट तर ऑक्सिजनला फार हावरे. स्वादुपिंडाच्या वजनात त्यांचा वाटा एक-दोन टक्के, पण त्याच्या कितीतरी पट मोठा रक्ताचा वाटा ते घेतात. मेसेन्कायमल पेशींसारखा चिवटपणा त्यांच्यात नाही. भिंतीने शत्रूला बाहेर ठेवलं, पण आतल्यांचा श्वास कोंडला.

२०१५ मध्ये एमआयटीच्या गटाने दाखवलं की दीड मिलिमीटरच्या गोळ्यांवर अर्ध्या मिलिमीटरच्या गोळ्यांपेक्षा कितीतरी कमी कोष चढतो. पुढच्या वर्षी त्यांनीच रासायनिक बदल केलेल्या अल्जिनेटमध्ये स्टेम सेलपासून केलेल्या मानवी बीटा पेशी (आयलेटमधल्या इन्सुलिन करणाऱ्या पेशी) ठेवल्या आणि उंदराची साखर १७४ दिवस ताब्यात ठेवून दाखवली. ही बातमी वाचली तेव्हा आम्ही प्रयोगशाळेत पेढे वाटले होते. पण हिशेब करा. एका प्रौढ माणसाला साधारण सहा लाख आयलेट लागतात असं धरू. दीडशे मायक्रॉनचा एक आयलेट, म्हणजे सहा लाखांचा एकूण आकार जेमतेम एक मिलिलीटर. चमचाभरही नाही. तेच ०.६ मिलिमीटरच्या मण्यात एकेक बंद केले, तर ६८ मिलिलीटर होतात. आणि दीड मिलिमीटरच्या मण्यात एकेक घातले, तर एक लिटरच्या वर जातात. पोटात एक लिटर मणी कोण घालणार? मग एका मण्यात अनेक आयलेट घालावे लागतात, आणि घातले की मध्यभागी पुन्हा तोच लाल गाभा. मणी लहान केला तर कोष चढतो, मोठा केला तर श्वास कोंडतो. याच कात्रीत हे सगळं क्षेत्र सापडलं आहे.

माणसांवरच्या अलीकडच्या चाचण्याही हेच सांगतात. हिमोफिलिया या रक्त न गोठण्याच्या विकारासाठी अशाच बदललेल्या अल्जिनेटच्या गोळ्यांची चाचणी २०२१ मध्ये थांबली आणि रुग्णाच्या पोटात पाहिल्यावर गोळ्यांवर कोष चढलेला दिसला. स्वीडनमध्ये एका उपकरणात आयलेटशेजारी ऑक्सिजनचा कप्पाच ठेवला होता, तो रोज बाहेरून भरावा लागे. पेशी जगल्या, पण रुग्णांना फायदा होईल इतकं इन्सुलिन आलं नाही. व्हर्टेक्स या कंपनीने स्टेम सेलपासून केलेल्या आयलेटचं पेटीतलं रूप २०२५ मध्ये थांबवलं, कारण इन्सुलिन पुरेसं येत नव्हतं. त्याच कंपनीचे उघडे आयलेट यकृताच्या रक्तवाहिनीतून दिले, तेव्हा पूर्ण मात्रा मिळालेल्या बारापैकी दहा जणांचं इन्सुलिन वर्षाच्या शेवटी सुटलेलं होतं. पेशींचं मूळ तेच. एकीकडे भिंत होती, दुसरीकडे रक्त होतं. पण या उघड्या आयलेटसोबत प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं आयुष्यभर घ्यावी लागतात, आणि इन्सुलिनवर नीट चाललेल्या मुलाला ती देणं मला पटत नाही.

काहीच हाती लागलं नाही, असंही नाही. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने डोळ्यात बसवायच्या एका पेशीभरल्या नळीला मंजुरी दिली, मॅक्युलर टेलँजिएक्टेशिया या रेटिनाच्या विकारासाठी. तिची भिंत जेलची नाही, अर्धपारगम्य पडद्याची आहे, पण तत्त्व हेच. तिथे पेशी थोड्या लागतात आणि त्या निवडलेल्याही अशा आहेत की कमी ऑक्सिजनवर निभावतात, म्हणून जमलं. दुसरीकडे स्वीडनमध्ये जनुकं बदललेले आयलेट एका रुग्णाच्या हाताच्या स्नायूत औषधांशिवाय तग धरून राहिल्याचं २०२५ मध्ये प्रसिद्ध झालं. इन्सुलिन त्यांनी थोडंच केलं, पण प्रतिकारशक्तीने त्यांना मारलं नाही. म्हणजे कदाचित भिंतच लागणार नाही. इतकी वर्षं भिंतीवर काम केलेल्या मला हे वाचून वाईट वाटायला हवं होतं, पण मला आनंदच झाला.

आईंना काय सांगाल? सांगा की आज भारतात टाइप वन मधुमेहासाठी असा कोणताही मंजूर उपचार नाही, आणि कोणी तो पैसे घेऊन देत असेल तर तो उपचार नव्हे. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे मंजूर यादीबाहेरचा स्टेम सेलचा वापर फक्त रीतसर चाचणीतच होऊ शकतो, आणि चाचणीची नोंद सीटीआरआय या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत कोणालाही पाहता येते. हे जोर देऊन लिहिते, कारण काही वर्षांपूर्वी एक बाई अकरा वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्याकडे आल्या होत्या. एका क्लिनिकने दागिने मोडायला लावून त्याला ‘स्टेम सेल’ची तीन इंजेक्शनं दिली होती आणि इन्सुलिन निम्मं करायला सांगितलं होतं. मुलगा कीटोअ‍ॅसिडोसिसमध्ये (इन्सुलिन कमी पडून रक्त आम्ल होण्याच्या अवस्थेत) आयसीयूत जाऊन आला होता. त्या बाई मला विचारत होत्या की चौथं इंजेक्शन घ्यावं का. भावाचं इन्सुलिन कुणाच्याही सांगण्यावरून, त्याच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय, एका युनिटनेही कमी होऊ देऊ नका. उद्या उपचार आला तर त्याचा फायदा घ्यायला डोळे आणि मूत्रपिंडं शाबूत असायला हवीत, आणि ती आजच्या साखरेवर टिकतात.

आता तुमच्या पुढच्या प्रयोगाकडे येऊ. दोन प्लेट लावा. एक आत्तासारखीच, वीस मणी आणि दोन मिलिलीटर. दुसरीत पाच मणी आणि एक मिलिलीटर, शेकरवर. दोन्हींतला मीडिया पहिले तीन दिवस बदलू नका आणि रोज एक थेंब काढून ग्लुकोज मोजा. त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. तुमच्या घरी ग्लुकोमीटर असेलच, किंवा लॅबसाठी एक नवा घ्या. तो रक्तासाठी बनवलेला आहे, त्यामुळे आकडा थोडा इकडेतिकडे होईल, पण नव्या आणि जुन्या मीडियातला फरक दाखवायला चालतो. लो ग्लुकोज मीडियात डेसिलीटरला १०० मिलिग्रॅम साखर असते, निरोगी माणसाच्या उपाशीपोटीच्या रक्तात असते जवळपास तेवढीच. वीस मण्यांच्या वेलमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी यंत्राने ‘लो’ दाखवलं, तर त्याच दिवशी मणी कापून रंगवा आणि दोन्ही प्लेटमधले फोटो शेजारी ठेवून गाइडना दाखवा. फोटोवर स्केल बार विसरू नका, गाभ्याचा व्यास मोजावा लागेल.